आकड्यांच्या उगमाशी

(आकाशवाणीवरील भाषण)

बेळगावाहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे निघाले म्हणजे वाटेत कणकुंबी लागते. खानापूर तालुक्यातले हे गाव लहानसे; परंतु श्रीमाउलीच्या देवळामुळे आणि तेथेच उगम पावणाऱ्या मलप्रभेमुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील ह्या गावची एक नवलाई अशी की, येथल्या पावसाचे पाणी दोन वाटांनी जाते. थोडे पूर्वेकडे पडलेले थेंब मलप्रभेतून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात, तेथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जातात. थोडे पश्चिमेकडे पडलेले थेंब कळसा नाल्याने म्हादईत उतरतात व मांडवी ह्या नावाने पणजीपाशी अरबी समुद्राला मिळतात.

परंतु आजच्या काळात ह्या पावसाला तिसरीही एक वाट फुटली आहे. तो मापला जातो, त्याचा आकडा होतो, आणि तो आकडा पुणे, बंगळूर, दिल्ली असा प्रवास करीत एखाद्या गणकयंत्राच्या पोटात जाऊन बसतो. पुढे त्याच आकड्याच्या आधारे कोणाला किती पाणी मिळावे हे ठरते. म्हादई जलविवाद लवादाने 2018 च्या ऑगस्टमध्ये आपला निवाडा दिला आणि कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 व महाराष्ट्राला 1.33 अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. त्या वादात कोणाचे बरोबर, हे सांगणे माझ्या भाषणाचा विषय नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, अशा वाटपाच्या मुळाशी 'पंच्याहत्तर टक्के भरवशाचे पाणी' ही कल्पना असते. शंभर वर्षांपैकी निदान पंच्याहत्तर वर्षे जेवढे पाणी नदीत हमखास येईल, तेवढे भरवशाचे समजावयाचे. हा हिशेब जुन्या नोंदींवरून काढावा लागतो. नोंद चुकली तर हिशेब चुकतो. आणि हिशेब चुकला तर कोणाच्या तरी शेताचे किंवा नळाचे पाणी चुकते.

अशा आकड्यांच्या राशींतून अर्थ काढण्याचे जे शास्त्र, त्यालाच आज डेटा सायन्स म्हणतात. मराठीत आपण त्याला विदाविज्ञान म्हणू लागलो आहोत. संख्याशास्त्र, गणकयंत्राची विद्या आणि ज्या विषयाचे आकडे असतील त्या विषयाचे ज्ञान, ह्या तिहींच्या संगमावर ते उभे आहे. ह्या शास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाबाहेर काही काळ काम करण्याच्या आणि शिकण्याच्या कोणत्या संधी असतात, त्यांचा उपयोग काय, आणि त्या घेताना कोणती सावधगिरी बाळगावी, ह्याविषयी आज मी बोलणार आहे.

समजा, खानापूर तालुक्यातली एक मुलगी आहे. गावच्या शाळेत मराठीतून शिकली, बेळगावात पदवी घेतली, आणि आता एखाद्या मोठ्या शहरातील संस्थेत विदाविज्ञानात संशोधन करीत आहे. तिचा विषय पावसाचा अंदाज हाच आहे असे धरू. तिच्यापुढील पडद्यावर भारताचा नकाशा चौकोनांत विभागलेला आहे. भारतीय हवामान खात्याने 1901 पासूनच्या रोजच्या पावसाची अशी चौकोनवार मांडणी केली आहे, आणि तिच्यातील एकेक चौकोन साधारण पंचवीस किलोमीटर लांबरुंद आहे. मुलगी हुशार आहे, तिची समीकरणे निर्दोष आहेत. तरीही तिचे उत्तर चुकण्याचा संभव आहे, आणि तो का, हे त्या पडद्यावर तिला कधीच दिसणार नाही.

पहिले कारण त्या चौकोनातच आहे. कणकुंबीहून बेळगाव चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. एवढ्या अंतरात पाऊस किती झपाट्याने उतरत जातो, हे ह्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कणकुंबीला घोंगडी खाली ठेवता येत नाही, त्याच दिवशी बेळगावच्या पूर्वेला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पंचवीस किलोमीटरच्या चौकोनात ह्या उताराची सरासरी होते, आणि घाटमाथ्याचे खरे रूप त्या सरासरीत बुडून जाते.

दुसरे कारण वेळेचे. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठ वाजता वाचतात. तेव्हा 16 जुलैच्या नावावर मांडलेला पाऊस म्हणजे वस्तुतः 15 जुलैच्या सकाळी साडेआठपासून 16 जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस होय. नदीच्या पाण्याची तासातासाची नोंद ज्याने मध्यरात्रीपासून मोजली आणि तिच्याशेजारी हा पाऊस मांडला, त्याला पाऊस येण्याआधीच पूर आल्याचा चमत्कार दिसू लागतो!

तिसरे कारण बाटलीचे. साध्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून पाणी एका बाटलीत साठते. नरसाळ्याचे तोंड 200 चौरस सेंटिमीटर आणि बाटली चार लिटरची असेल, तर 200 मिलिमीटर पावसाला ती काठोकाठ भरते; त्यापुढचा पाऊस वाहून जातो. म्हणून अतिवृष्टीच्या दिवशी मधूनच पाणी मोजून बाटली रिकामी करावी लागते. आता आषाढातल्या भर पावसात, रात्री, हे काम कोण करतो, कसे करतो, एखाद्या दिवशी ते राहून गेले तर वहीत काय लिहितो? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्याने ती बाटली पाहिली आणि ती वाचणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलला, त्यालाच मिळतात.

श्रोतेहो, आकड्यांनाही उगम असतो, आणि ज्याला आयुष्यभर आकड्यांशी व्यवहार करावयाचा आहे त्याने एकदा तरी त्या उगमाशी जाऊन काही दिवस राहावे. संशोधक विद्यार्थ्यांना बाहेर पाठविण्याच्या योजनांचा खरा हेतू मला हाच वाटतो.

ह्या योजना दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकाराला इंग्रजी वळणाने 'प्लेसमेंट' म्हणतात. हल्ली आपल्या महाविद्यालयांत प्लेसमेंट म्हणजे शिक्षणाच्या अखेरीस मिळणारी नोकरी असा अर्थ रूढ झाला आहे; येथे तो अभिप्रेत नाही. येथे विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, त्याचा प्रबंध, त्याचा मार्गदर्शक तोच राहतो. मात्र तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत तो एखाद्या सरकारी खात्यात, रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात बसून तेथला एक ठरावीक प्रश्न सोडवितो. ह्याला आपण तात्पुरती नेमणूक म्हणू. दुसऱ्या प्रकाराला संवर्धन म्हणता येईल. त्यात ठरावीक काम नसते. विद्यार्थी एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन राहतो, इतर शास्त्रांच्या अभ्यासकांत मिसळतो, व्याख्याने ऐकतो, तेथली यंत्रे वापरतो आणि आपलेच संशोधन नव्या डोळ्यांनी पाहतो. पहिल्यात हात तयार होतो, दुसऱ्यात दृष्टी.

ही कल्पना आजची नव्हे. कर्नाटकातील हडगली येथे 1920 साली जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव ह्यांचे उदाहरण घ्या. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करीत असता 1946 साली त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले, ते मानवी सांगाडे मोजण्यासाठी! सुदानातील जेबेल मोया येथील उत्खननात सापडलेले सांगाडे तेथल्या संग्रहालयात होते. ती माणसे कोणत्या वंशाची, त्यांचे कोणाशी साम्य, हे मापांवरून ठरवावयाचे होते. राव दिवसा संग्रहालयात हाडे मोजत. ह्याच काळात ते रोनाल्ड फिशर ह्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी झाले, आणि फिशर ह्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांवरील प्रयोगही करू लागले. 1948 साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. एकाच मापाऐवजी अनेक मापांचा एकदम विचार कसा करावा, ह्या प्रश्नावरील त्यांचे काम त्या हाडांच्या सहवासात वाढले. 2023 साली, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातले. बुध येथे 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याला शिकले, 1936 साली लंडनहून पीएच.डी. घेऊन परतले, आणि पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पिकांचा अंदाज काढण्याच्या कामास लागले. नमुन्याला काही शेते निवडावयाची, त्यांतील एकेक लहान तुकडा आखून कापावयाचा आणि त्या धान्याच्या वजनावरून जिल्ह्याचे पीक काढावयाचे, अशी ती पद्धत. हा तुकडा किती मोठा असावा, ह्यावर त्या वेळी मोठा वाद झाला. कागदावरच्या गणिताप्रमाणे लहान तुकडे सोयीचे होते, कारण ते अधिक संख्येने घेता येतात. सुखात्मे ह्यांनी प्रत्यक्ष शेतातील कापणीच्या आधारे दाखविले की, तुकडा लहान असला म्हणजे उत्पन्नाचा आकडा फुगतो. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले ताट आत धरावयाचे की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जेवढा लहान, तेवढा कडेचा वाटा मोठा. ही चूक कोणत्याही समीकरणात दिसत नाही. ती शेताच्या बांधावर उभे राहिल्यावरच दिसते. देशात अन्नधान्याची टंचाई असता पीक आहे त्याहून जास्त दिसणे, ही किती घातक गोष्ट होती, हे निराळे सांगावयास नको.

आता एक उदाहरण अगदी आपल्या अंगणातले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने आपल्याकडे कितीतरी माता दगावत. खेड्यात डॉक्टर नाही, सुई देण्याची सोय नाही, अशा ठिकाणी मिसोप्रोस्टॉल ह्या औषधाच्या गोळ्या उपयोगी पडतील काय, हे पाहण्यासाठी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2006 साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 1620 स्त्रियांपैकी काहींना गोळी व काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी देण्यात आली. औषध न मिळालेल्यांत अतिरिक्त रक्तस्राव शंभरात बाराजणींना झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण 6.4 वर आले. म्हणजे दर अठरा स्त्रियांमागे एकीचा रक्तस्राव टळला. पुढे 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

परंतु विदाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावयाची गोष्ट पुढेच आहे. रक्त किती गेले हे मोजावयाचे कसे? नजरेने केलेला अंदाज बहुधा कमीच भरतो. म्हणून बाळंतिणीच्या अंगाखाली पसरावयाची, आकडे छापलेली प्लास्टिकची चादर योजण्यात आली. तिच्या खालच्या खोळीत रक्त साठे आणि नर्सबाई ते वाचून नोंद करीत. ती चादर आणि खेड्यापाड्यांत रात्री-अपरात्री बाळंतपणे करणाऱ्या त्या नर्सबाई नसत्या, तर जगातले कोणतेही गणकयंत्र ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले नसते.

आता आजच्या संधींकडे वळू. लंडनमध्ये 2015 साली स्थापन झालेल्या अॅलन ट्युरिंग संस्थेने ब्रिटिश विद्यापीठांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अशा नेमणुकीची व संवर्धनाची योजना चालविली. काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत विद्यार्थी त्या संस्थेत येऊन बसत. ह्याच संस्थेने आठवडाभराच्या अभ्यासगटांचीही प्रथा पाडली: एखाद्या संस्थेने आपला खरा प्रश्न व खरी आकडेवारी आणावयाची, आणि निरनिराळ्या शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी एका आठवड्यात त्यावर तोडगा सुचवावयाचा. युरोपात तर औद्योगिक डॉक्टरेटचा एक असा प्रकार आहे की, त्यात विद्यार्थ्याला निम्मा काळ विद्यापीठाबाहेरच काढावा लागतो.

भारतात नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना परदेशी जाण्याचे मार्ग आहेत. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल संशोधन शिष्यवृत्तीखाली सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहून आपल्या प्रबंधाचे काम करता येते. जर्मनीच्या 'डाड' ह्या संस्थेच्या योजनांत दोन देशांतील दोन मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली प्रबंध लिहिण्याचीही सोय आहे. देशातल्या देशात पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ही मोठी योजना 2018 साली सुरू झाली. तीत पहिली दोन वर्षे दरमहा 70 हजार, तिसऱ्या वर्षी 75 हजार, पुढे 80 हजार रुपये व शिवाय दरसाल 2 लाखांचे संशोधन-अनुदान अशी तरतूद ठेवण्यात आली, आणि विद्यार्थ्याने जवळच्या महाविद्यालयांत काही तास शिकविले पाहिजे अशी अटही घालण्यात आली. ही अट मला फार मोलाची वाटते. कारण जे आपण दुसऱ्याला समजावून सांगू शकत नाही, ते आपल्याला पुरते समजलेलेच नसते.

मात्र संधी म्हटली की विलायत, हा समज सोडून द्यावा. बेळगावातच राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र 1987 पासून आहे; कठीण खडकाच्या प्रदेशातील पाणी हा त्याचा विषय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था बेळगावात आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे येथेच आहे. पुण्याला 1962 साली स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथे 2024 साली 'अर्क' हा महासंगणक हवामानाच्या अंदाजासाठी कामास लागला. पुण्याचे प्रगत संगणन केंद्र आहे, त्याने 1991 साली 'परम' हा देशी महासंगणक बांधला. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कणकुंबीच्या पावसाचा थेंब ढगापासून समुद्रापर्यंत जो प्रवास करतो, त्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एकेक संस्था उभी आहे. ह्या सर्व ठिकाणी संशोधक विद्यार्थ्यासाठी जाहिरात निघतेच असे नाही. पुष्कळदा मार्गदर्शकाचे पत्र, प्रश्नाची एका पानात केलेली मांडणी आणि विद्यापीठाचा करार, ह्यांनीच दार उघडते.

आता ह्यावरचे आक्षेप. मार्गदर्शक म्हणतात, विद्यार्थी सहा महिने बाहेर गेला की प्रबंध मागे पडतो. ही भीती अगदीच खोटी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षे आणि प्रवेशापासून सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. त्यात सहा महिने ही थोडी रक्कम नव्हे. परंतु नेमणुकीचा प्रश्न जर प्रबंधाच्याच एका प्रकरणाचा प्रश्न असेल, तर ते सहा महिने वजा होत नाहीत, जमेस येतात. म्हणून पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे, अखेरचे वर्ष लेखनाचे, आणि बाहेर जाणे मधल्या काळात, अशी आखणी असावी.

पालकांचा आक्षेप निराळा असतो. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, आधीच शिक्षण लांबलेले, आता पुन्हा परगावी कशाला? पालकहो, तुमची काळजी मी जाणतो. पण ध्यानी घ्या की, पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला प्राध्यापकाची जागा मिळत नाही, मिळणारही नाही. रुग्णालये, बँका, हवामान, शेती, पाटबंधारे ह्या साऱ्यांना आकडे जाणणारी माणसे हवी आहेत. परंतु त्यांना नुसता प्रबंध नको, त्यांचे काम जवळून पाहिलेला माणूस हवा. ते सहा महिने म्हणजे मुलीने पुढच्या तीस वर्षांसाठी केलेली पाहणी आहे. एखादे क्षेत्र आपले नव्हे, एवढे जरी तिला त्यात कळले, तरी ते महिने कारणी लागले.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. सगळ्याच नेमणुका चांगल्या नसतात. काही ठिकाणी विद्यार्थ्याला स्वस्तातला कारकून समजतात. याद्या दुरुस्त करण्यात आणि तक्ते रंगविण्यात त्याचा काळ जातो. म्हणून होकार देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न: माझा नेमका प्रश्न कोणता, आणि तेथे माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? ह्याचे उत्तर दोन वाक्यांत मिळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रश्न: आकडे कोणाचे, आणि ते मला बाहेर नेता येतील काय? रुग्णांची, खातेदारांची माहिती ही त्यांची खाजगी मालमत्ता आहे. 2023 साली आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. परवानगीवाचून घेतलेला आकडा पुढे प्रबंधालाच खाली ओढतो.

तिसरा प्रश्न: मी केलेले काम मला प्रसिद्ध करता येईल काय? एखाद्या कंपनीने गुप्ततेच्या नावाखाली सारेच दडवून ठेवले, तर वर्षभराच्या श्रमांतून प्रबंधात एक पानही यावयाचे नाही.

चौथा प्रश्न पैशाचा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्याला 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजार व पुढे 42 हजार रुपये ठरले. परंतु असंख्य विद्यार्थ्यांना एवढे मिळत नाही, काहींना काहीच मिळत नाही. तेव्हा बाहेर असताना मूळ शिष्यवृत्ती चालू राहील ना, पुण्यासारख्या शहरातील खोलीभाडे कोण देईल, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे संकोच न करता विचारावे. पैशाचे न विचारणे हा सभ्यपणा नव्हे; त्यामुळे होते एवढेच की संधी फक्त सुखवस्तू घरांतील मुलांना मिळते.

पाचवा प्रश्न: परत आल्यावर हे काम कोठे धरले जाईल? त्याचे श्रेयांक मिळतील की नुसते प्रमाणपत्र, आणि प्रबंधात त्याला जागा असेल की नाही, हे मार्गदर्शकाशी आधीच ठरवावे.

एक गोष्ट सीमाभागातील विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. मोठ्या शहरातल्या संस्थेत गेल्यावर आपली इंग्रजी अडखळते, आपण खेड्यातले, ह्या विचाराने आमची मुले मागच्या बाकावर बसतात. वास्तविक त्यांच्याजवळ असे एक भांडवल आहे, जे पुष्कळांना विकत घेता यावयाचे नाही. कणकुंबी-खानापूरच्या मुलाला घरी मराठी, बाजारात कन्नड आणि घाट उतरला की कोकणी, अशा तीन भाषा सहज येतात. नर्सबाईंची वही कन्नडात असते, शेतकरी आपले गाऱ्हाणे मराठीत सांगतो. तो पावसाचा हिशेब तारखेने ठेवीत नाही, नक्षत्राने ठेवतो. मृगाने दगा दिला, तरण्या पावसाने शेत भरले, म्हाताऱ्याने लावणी कुजविली, अशी त्याची नोंद असते. तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, आणि प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या बोलण्याचा तक्ता करू शकतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला ते नुसते बोलणे वाटते. आकडा आणि माणूस ह्यांच्यामधला हा दुभाषा होण्याची पात्रता आमच्या मुलांत आहे. तिला कमीपणा मानू नये.

शेवटी आपल्या विद्यापीठांना व महाविद्यालयांना एक सूचना. ह्या संधींची माहिती ज्यांच्या घरात आधीच शिक्षण आहे त्यांनाच कानोकानी कळते. गावातून एकटा आलेला विद्यार्थी मुदत उलटल्यावर ती ऐकतो. प्रत्येक विभागाने वर्षारंभी अशा योजनांची यादी, त्यांच्या मुदती आणि पूर्वी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांची नावे फलकावर लावावीत. ह्यास काहीच खर्च नाही. आणि जवळच्या एकेका संस्थेशी, मग ते पाटबंधारे खाते असो, जिल्हा रुग्णालय असो की दूधसंघ, दरसाल एक-दोन विद्यार्थी पाठविण्याचा साधा करार करावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही करार होण्याची वाट पाहत बसू नका. येत्या पावसाळ्यात सुटीवर घरी याल, तेव्हा जवळच्या पर्जन्यमापकाची जागा विचारून काढा, परवानगी घ्या, आणि एका सकाळी साडेआठच्या आत तेथे जाऊन उभे राहा. तो वाचणाऱ्या माणसाला विचारा की, काल रात्री बाटली किती वेळा रिकामी केलीत? तो जे सांगेल ते वहीत टिपून घ्या आणि परत गेल्यावर आपल्या पडद्यावरच्या त्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर चांगलेच; न जुळले, तर तुमच्या मार्गदर्शकाला दाखविण्याजोगा एक खरा प्रश्न तुमच्या हाती आला असे समजा.